शेजाऱ्यांची थट्टा आणि शेजाऱ्यांचा वाद : गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप गटासाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रातील शहरांत सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या कुटुंबाचा शेजाऱ्यांशी येणारा दैनंदिन संबंध आता मोठ्या प्रमाणात व्हॉट्सॲपवरील गटातून घडतो. पाण्याचा टँकर केव्हा येणार, लिफ्ट बंद का आहे, गणेशोत्सवाची वर्गणी किती ठरली, कोणाची गाडी कोणाच्या जागेत उभी आहे, हे सर्व तेथेच कळते. आणि थट्टामस्करी, टोमणे, रुसवेफुगवे व वादही तेथेच होतात. मुंबईतील गावदेवी येथे १९१५ साली नोंदवल्या गेलेल्या सारस्वत गृहनिर्माण संस्थेपासून सहकारी निवासाची परंपरा या राज्यात शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. एका जिन्याने ये-जा करणाऱ्या आणि एका टाकीचे पाणी वापरणाऱ्या माणसांत मतभेद होणे त्या परंपरेला नवे नाही. नवे आहे ते मतभेदांचे स्थान, कारण पूर्वी गॅलरीत किंवा जिन्यात दोघा-तिघांत होणारे बोलणे आता लेखी स्वरूपात, सर्व सदस्यांसमोर आणि कोणत्याही वेळी होते. शेजारधर्म टिकवायचा असेल तर मतभेद दडपून चालत नाही. प्रत्येक मतभेदाला त्याच्या योग्य जागी नेण्याची सवय सदस्यांनी लावून घ्यावी लागते. ती सवय कशी लावावी याचे विवेचन पुढे केले आहे.

लेखी संभाषण वेगळे का ठरते

समोरासमोरच्या बोलण्यात आवाजाचा चढउतार, चेहरा आणि क्षणभराचा थांबा यांवरून शब्दांचा रोख कळतो, तर लेखी संदेशात केवळ शब्द उरतात. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले, की ईमेलमधून आपला उपरोध किंवा गांभीर्य वाचणाऱ्याला कितपत कळेल याविषयी लिहिणाऱ्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच आशावादी असतो. लिहिणारा आपला संदेश मनातल्या स्वरात वाचतो आणि वाचणाऱ्याला तो स्वर ऐकू येत नाही, हे त्यामागचे कारण होय. ‘वा, आजही लिफ्ट बंद, समितीचे अभिनंदन’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हलका चिमटा असतो. परंतु सकाळपासून दुरुस्ती करणाऱ्या कंपनीला दूरध्वनी करून थकलेल्या सचिवाच्या दृष्टीने तो आपल्या विनामोबदला केलेल्या कामाचा जाहीर अपमान ठरतो.

दुसरे वैशिष्ट्य मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली मांडलेल्या ‘ऑनलाइन निःसंकोचता’ या संकल्पनेतून समजते. माणूस समोरासमोर जे बोलणार नाही ते पडद्याआडून सहज लिहितो, असा तिचा आशय आहे. निनावीपणा हे त्यामागचे एक कारण असते. शेजाऱ्यांच्या गटात सर्वांची नावे माहीत असल्यामुळे ते लागू होत नाही. तरीही समोरची व्यक्ती दिसत नाही आणि तिची प्रतिक्रिया लगेच सोसावी लागत नाही, ही इतर कारणांपैकी दोन कारणे येथेही पुरेपूर काम करतात. शिवाय बोललेला शब्द कालांतराने विसरला जातो, पण लिहिलेला संदेश स्क्रीनशॉटच्या रूपाने संदर्भ सोडून फिरत राहतो आणि दोन वर्षांनी निवडणुकीच्या वेळी पुन्हा बाहेर काढला जातो.

तिसरे वैशिष्ट्य प्रेक्षकांचे आहे. एका सदस्याला उद्देशून लिहिलेले वाक्य शंभर घरांत वाचले जात असल्यामुळे उत्तर देणारा समोरच्याला पटवण्यापेक्षा बघणाऱ्यांपुढे आपला मान राखण्यासाठी लिहू लागतो, आणि मूळ प्रश्न किरकोळ असला तरी माघार घेणे दोघांनाही अवघड जाते. म्हणून जी गोष्ट एका घराशी संबंधित आहे ती प्रथम त्या घरीच, प्रत्यक्ष भेटून किंवा खासगी संदेशाद्वारे बोलावी, हे या विषयातील पहिले सूत्र मानावे.

थट्टेची मर्यादा

थट्टा ही शेजाराची गरज आहे. ती नसलेला गट केवळ सूचनाफलक होतो आणि अशा गटात पहिला खरा मतभेद आला की तो सावरून घेणारी आपुलकी कोणाकडेच शिल्लक नसते. तथापि थट्टेला पूर्वमान्यता लागते. मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० सालच्या आपल्या निबंधात ‘थट्टेचे नाते’ ही संज्ञा स्पष्ट केली आहे. ज्या दोन व्यक्तींपैकी एकीला दुसरीची चेष्टा करण्याची रूढीने मुभा असते आणि दुसरीने राग मानू नये अशी अपेक्षा असते, त्यांच्यातील संबंध म्हणजे असे नाते होय. मराठी कुटुंबात दीर-भावजय किंवा मेहुणे-मेहुणे यांच्यातील चेष्टामस्करी याच प्रकारची असते; तेथे कोणाला किती बोलता येते हे सर्वांना ठाऊक असते. शेजाऱ्यांच्या गटात अशी रूढी आयती मिळत नाही. वीस वर्षे शेजारी राहिलेल्या दोन कुटुंबांत ती निर्माण झालेली असते, परंतु मागच्या महिन्यात राहायला आलेल्या कुटुंबाला तीच कोपरखळी बोचते.

म्हणून गटात थट्टा करण्यापूर्वी सदस्याने तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, थट्टेचा विषय सर्वांच्या वाट्याला आलेली परिस्थिती आहे की एखाद्या व्यक्तीचे उणेपण आहे. पाण्याचा कमी दाब, वारंवार बंद पडणारे पंप, क्रिकेटचा सामना, स्वतःचा फसलेला पदार्थ यांवरील विनोदात सर्वांना सामील होता येते. कोणाचे खाणे, भाषा, गाव, जात, शरीर, अविवाहित असणे, भाडेकरू असणे किंवा थकलेली देणी यांवरील विनोद माणसाला गटाबाहेर ढकलतो. दुसरी, ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला त्याच ठिकाणी उत्तर देता येते की नाही. सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायका सहसा गटात नसतात, त्यामुळे त्यांच्यावरील विनोद हा पाठीमागची निंदा ठरतो. तिसरी, त्या व्यक्तीशी गटाबाहेर आपला किती परिचय आहे. जिन्यात भेटल्यावर जिच्याशी दोन शब्दही बोलले जात नाहीत, तिची गटात फिरकी घेणे टाळावे. वाक्यापुढे हसरा चेहरा जोडल्याने बोचरे वाक्य निरुपद्रवी होत नाही. उलट राग आलेल्या व्यक्तीला ‘साधी गंमतही कळत नाही’ असे सुनावण्याची सोय होते आणि ती दुसऱ्यांदा दुखावली जाते.

संबोधनाचाही विचार करणे आवश्यक आहे. मराठी शेजारात काका, काकू, आजोबा, वहिनी ही संबोधने आपुलकीची आहेत आणि घरगुती विषयांत तीच वापरावीत. मात्र पदाच्या कामाविषयी लिहिताना ‘सचिव’ किंवा ‘खजिनदार’ असा पदाचा उल्लेख अधिक योग्य होय, कारण त्यामुळे प्रश्न पदाला विचारला जातो आणि माणूस दुखावत नाही. वयाने मोठ्या व्यक्तीला उद्देशून घाईत लिहिलेले ‘तू’ किंवा ‘तुला’ मूळ तक्रारीपेक्षा मोठा वाद निर्माण करते, हेही ध्यानात ठेवावे.

एखाद्याला थट्टा लागली असल्याचे दिसताच लिहिणाऱ्याने ‘माझ्या वाक्याने तुम्हांला वाईट वाटले, मी ते मागे घेतो’ एवढे एकच वाक्य गटातच लिहावे. हेतू कसा चांगला होता याचे लांबलचक स्पष्टीकरण देऊ नये. ज्याला लागले आहे त्याने शक्यतो खासगी संदेशात ते स्पष्ट सांगावे. मौन बाळगून महिनाभराने दुसऱ्याच विषयात वचपा काढणे दोन्ही घरांना महाग पडते.

मतभेदाचा प्रकार ओळखणे

शेजाऱ्यांचे वाद चिघळतात याचे एक प्रमुख कारण असे, की वेगवेगळ्या प्रकारच्या मतभेदांवर एकाच पद्धतीने, म्हणजे अधिक जोरात लिहून, उपाय शोधला जातो. सोयीसाठी मतभेदांचे चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार वस्तुस्थितीचा होय. टाकी कधी धुतली, वीजबिल किती आले, टँकर किती मागवले, यांवर मते मांडून काही साध्य होत नाही. पावती, नोंदवही किंवा छायाचित्र पाहिले की प्रश्न मिटतो. अशा वेळी सदस्याने आरोप न करता कागद मागावा आणि समितीने तो विनाविलंब दाखवावा.

दुसरा प्रकार नियमाचा होय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि संस्थेने स्वीकारलेले उपविधी, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत कारभाराची नियमावली, यांत अनेक नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधीच दिलेली असतात. तळमजल्यावरील सदस्याने लिफ्टचा खर्च का द्यावा, हा वाद जवळपास प्रत्येक संस्थेत होतो. आदर्श उपविधींनुसार ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सर्व सदस्यांनी, ती वापरोत वा न वापरोत, तिच्या देखभालीचा खर्च समान वाटून घ्यायचा असतो. पाणीपट्टी मात्र सदनिकेतील नळजोडण्यांची संख्या व आकार यांनुसार वाटली जाते. सदनिका भाड्याने दिल्यास आकारले जाणारे बिनभोगवटा शुल्क, १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार, महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. वाहने अधिक आणि जागा कमी असतील तर वाहनतळाचे वाटप दरवर्षी सोडत काढून करावे, अशी तरतूद आदर्श उपविधींत आहे. बहुमताच्या जोरावरही पाळीव प्राणी ठेवण्यास बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे; त्याचबरोबर प्राण्याचा उपद्रव होऊ न देण्याची आणि स्वच्छतेची जबाबदारी पालकांनी घेणे अपेक्षित आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असून रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ होय. असा नियम उपलब्ध असताना गटात चाळीस संदेशांची चर्चा करणे निरर्थक असते. ज्याला माहीत आहे त्याने संबंधित उपविधीचे छायाचित्र टाकावे आणि इतरांनी ते वाचल्याशिवाय पुढे लिहू नये.

तिसरा प्रकार हितसंबंधांचा होय. येथे दोन्ही बाजू आपापल्या जागी योग्य असतात. मुलांना संध्याकाळी आवारात खेळायचे असते आणि त्याच वेळी आजारी ज्येष्ठांना विश्रांती हवी असते. एका घरात बारावीची परीक्षा असते आणि दुसऱ्या घरात स्वयंपाकघराचे काम निघालेले असते. यात कोण बरोबर हे ठरवण्यापेक्षा वेळ, जागा किंवा खर्च यांची विभागणी करावी. तोडफोडीचे काम सकाळी ठरावीक तासांतच करणे, ते किती दिवस चालेल हे आधी कळवणे, खेळासाठी इमारतीपासून दूरचा कोपरा ठरवणे, असे उपाय दोन्ही घरांनी चहाच्या कपावर बसून काढलेले अधिक टिकतात.

चौथा प्रकार मानापमानाचा होय आणि तो बहुधा पहिल्या तिन्हींच्या पोटात लपलेला असतो. ‘मला न विचारता ठरवले’ किंवा ‘सभेत मला बोलू दिले नाही’ ही खंत दुखत असते, पण वाद मात्र जिन्यातील चपलांच्या स्टँडवरून चालू राहतो. नियम दाखवूनही समोरचा शांत होत नसेल, तर हा प्रकार आहे असे समजून एखाद्या ज्येष्ठ आणि दोन्ही घरांना मान्य असणाऱ्या व्यक्तीने प्रत्यक्ष जाऊन ऐकून घ्यावे.

तक्रार कशी लिहावी

तक्रारीत काय घडले, केव्हा घडले, त्याचा कोणता त्रास झाला आणि कोणता बदल हवा, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. समोरच्याच्या स्वभावाविषयीचा निष्कर्ष नसावा. ‘पाचव्या मजल्यावरच्यांना रात्री-अपरात्री फर्निचर ओढायची सवयच आहे, संस्कार नाहीत’ असा संदेश गटात टाकल्यास पाचव्या मजल्यावरचे कुटुंब संस्काराचा बचाव करत बसते आणि आवाज तसाच राहतो. त्याऐवजी त्या घरी खासगीत असे लिहिता येते : ‘काका, दोन-तीन रात्री साडेअकराच्या सुमारास वरून काहीतरी सरकवल्याचा आवाज येतो आणि बाळ झोपेतून उठते. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचे लावता येतील का?’ या संदेशात आरोप नाही, वेळ स्पष्ट आहे आणि मागणी सहज पूर्ण करता येण्याजोगी आहे.

दोनदा सांगूनही उपयोग झाला नाही, तर तक्रार गटात नेण्याऐवजी समितीकडे लेखी अर्जाने द्यावी. आदर्श उपविधींनुसार अशा अर्जावर समितीने आपल्या पुढील बैठकीत निर्णय घ्यावा आणि त्यानंतर १५ दिवसांत तो सदस्याला कळवावा, अशी अपेक्षा आहे. तेथेही समाधान न झाल्यास विषयानुसार मार्ग वेगळे आहेत : गळती, वाहनतळ किंवा समितीचा ठराव यांवरील वाद सहकार न्यायालयात, अनधिकृत बांधकामाची तक्रार महापालिकेकडे आणि धमकी किंवा मारहाण झाल्यास पोलिसांकडे जाते. गळतीच्या वादात आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. पावसाचे पाणी किंवा बाहेरील सामाईक नळ यांमुळे झालेल्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते, तर वरच्या सदनिकेतील न्हाणीघरातून किंवा मोरीतून होणारी गळती त्या सदस्याने दुरुस्त करायची असते. त्यामुळे गटात दोषारोप करण्यापूर्वी प्लंबरकडून गळतीचे मूळ शोधून घेणे हिताचे ठरते.

गट आणि सभा यांतील सीमारेषा

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७२ नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागते आणि तिची सूचना आदर्श उपविधींनुसार पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. सभेला गणपूर्ती असते, विषयपत्रिका असते, बोलणाऱ्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवले जाते आणि विरोधी मतही नोंदवता येते. गटात यांपैकी काहीच नसते. म्हणून व्हॉट्सॲपवर घेतलेली मतचाचणी हा ठराव होत नाही; कल कळण्यासाठी ती उपयोगी आहे, परंतु तिच्या आधारे वर्गणी लादणे किंवा कंत्राट देणे ही चूक होय. जे ज्येष्ठ सदस्य स्मार्टफोन वापरत नाहीत, तेही संस्थेचे पूर्ण सदस्य असतात, याचा विसर पडू नये.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. जे सदस्य वर्षभर गटात तावातावाने लिहितात आणि सभेच्या दिवशी घरी बसतात, ते आपला अधिकार स्वतःहून सोडून देतात. एखादा विषय गटात तीन-चार उत्तरांपुढे गेला, की ‘हा विषय सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा’ असा लेखी आग्रह धरणे ही खरी सक्रियता होय.

गट चालवणाऱ्यांची जबाबदारी

गटाचे व्यवस्थापन, ज्याला सर्वजण ॲडमिन म्हणून ओळखतात, एकाच पदाधिकाऱ्याकडे असू नये. समितीतील एक आणि समितीबाहेरील एक अशा दोन व्यक्तींकडे ते असावे, म्हणजे समितीवरील टीका दडपल्याचा संशय राहत नाही. अधिकृत सूचनांसाठी केवळ ॲडमिनला लिहिता येईल असा एक गट आणि गप्पांसाठी दुसरा गट ठेवल्यास पाणीकपातीची सूचना शुभेच्छांच्या संदेशांत हरवत नाही. नियम चार-पाचच असावेत, सभेत मंजूर करून घ्यावेत आणि मित्र असो वा विरोधक, सर्वांना सारखे लावावेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या निकालानुसार, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय एखाद्या सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. परंतु कायदेशीर जबाबदारी नसली तरी वेळीच हस्तक्षेप करण्याची नैतिक जबाबदारी उरतेच.

वाद पेटल्यावर ॲडमिनने कोणाचे चुकले हे गटात ठरवू नये. काही तासांसाठी गट केवळ सूचनांपुरता करावा, दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे दूरध्वनी करावा आणि पुढची चर्चा कोठे व केव्हा होईल हे गटात एका वाक्यात जाहीर करावे. इतर सदस्यांनी कोणाच्याही संदेशावर अंगठा उंचावून गटबाजीला हातभार लावू नये. थकबाकीदारांची नावे किंवा कोणाच्या घरातील प्रसंग यांची गटात चर्चा करण्याआधी प्रत्येकाने हेही ध्यानात घ्यावे, की माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले असले, तरी बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली आजही गुन्हा आहे.

लहान मतभेदांचे मोल

चपलांचा स्टँड, कुंड्यांतून ठिबकणारे पाणी किंवा रात्रीचा आवाज यांवरील मतभेद क्षुल्लक वाटतात, परंतु त्यांतूनच संस्थेला एकत्र निर्णय घेण्याचा सराव होतो. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रश्न आला, की सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार त्या सभेला दोन-तृतीयांश सदस्यांची गणपूर्ती आणि एकूण सदस्यांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. त्या दिवशी प्रत्येक कुटुंब आपले घर आणि आयुष्यभराची पुंजी शेजाऱ्याच्या विवेकावर सोपवत असते. ज्या संस्थेत लहान प्रश्नांवर कागद मागण्याची, नियम वाचण्याची, समोरासमोर बसण्याची आणि चूक झाल्यास एका वाक्यात शब्द मागे घेण्याची सवय रुजलेली आहे, तेथे हा मोठा निर्णय मतभेदांसह, पण परस्परविश्वासाने घेता येतो. जेथे वर्षानुवर्षे टोमण्यांचा हिशेब साठत गेला आहे, तेथे चांगला प्रस्तावही संशयाने अडतो. म्हणून पुढचा संदेश लिहिताना प्रत्येक सदस्याने स्वतःला एवढाच प्रश्न विचारावा, की ही गोष्ट सर्वांच्या गटात, एका घरी, समितीकडे की सभेत नेण्याची आहे. आणि उत्तर मिळेल तेथेच ती न्यावी.